युद्धकाळातली तांत्रिक चित्रं आणि लष्करी प्रशिक्षणाची पोस्टरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युद्धाचं पोस्टर म्हटलं की समोर बोट रोखून 'भरती व्हा' म्हणणारा चेहरा आठवतो. इथले प्रश्न त्या पोस्टरांबद्दल नाहीत. बंदूक कशी खोलायची, इंजिनात तेल कुठून कुठे फिरतं, डोक्यावरून गेलेलं विमान आपलं की शत्रूचं, हे बराकीच्या आणि वर्कशॉपच्या भिंतीवरून शिकवणाऱ्या चित्रांबद्दल आहेत. बहुतेक उदाहरणं दुसऱ्या महायुद्धातली आहेत, कारण या कामाचा खरा बहर तेव्हाचा.

प्रचाराचं पोस्टर आणि प्रशिक्षणाचं पोस्टर यात फरक काय?

प्रचाराच्या पोस्टरला तुमचं मन वळवायचं असतं, प्रशिक्षणाच्या पोस्टरला तुमच्या हाताला वळण लावायचं असतं. पहिलं चौकात लागतं आणि चालता चालता दिसतं. दुसरं रोज त्याच भिंतीवर, त्याच माणसांसमोर असतं, त्यामुळे त्यात बारकावे भरायला जागा मिळते.

अर्थात मधली जातही आहे. ब्रिटनच्या युद्ध खात्यासाठी एब्रम गेम्स यांनी सुमारे शंभर पोस्टरं केली, त्यांतली बरीचशी सैनिकांसाठीच होती. १९४२ च्या एका पोस्टरमध्ये बोलणाऱ्या सैनिकाच्या तोंडातून एक नागमोडी वेटोळं निघतं, फिरत फिरत त्याचं टोकदार पातं होतं आणि ते त्याच्याच तीन साथीदारांच्या आरपार जातं. तोंड आवरा, एवढाच मुद्दा. याला प्रचार म्हणा किंवा शिकवण. गेम्स स्वतः १९४० मध्ये साधे पायदळी शिपाई म्हणून भरती झाले होते, त्यामुळे बराकीत कोणती भाषा चालते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

चित्रांवरून कवायत शिकवायची पद्धत किती जुनी आहे?

निदान चारशे वर्षं. १६०७ मध्ये याकोब द घाइन या डच चित्रकाराचं शस्त्रं हाताळण्यावरचं पुस्तक निघालं. त्यात ११७ कोरीव चित्रं होती: ४२ हलक्या बंदुकीची, ४३ मस्केट या जड बंदुकीची आणि ३२ भाल्याची. प्रत्येक चित्रात एक सैनिक, एक हालचाल. दारू ओतली, गोळी टाकली, गज घातला, असं एकेक पाऊल गोठवलेलं. पानं ओळीने उलटत गेलं की बंदूक भरून होते. शब्द वाचले नाहीत तरी चालतं. आजच्या 'पायरी १, पायरी २' छापाच्या चित्रांचं सगळं तंत्र तिथे आहे, फक्त कपडे फार झोकदार आहेत.

यंत्राच्या आराखड्याची गोष्ट वेगळी आहे आणि तीही लष्करातच सुरू होते. फ्रान्समध्ये मेझिएर इथल्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत १७६० च्या दशकात गास्पार मोंज या तरुणाने किल्ल्याची तटबंदी शत्रूच्या नजरेपासून किती झाकली जाते, हे लांबलचक आकडेमोडीऐवजी रेखाटनाने सोडवून दाखवलं. वरिष्ठांचा आधी विश्वासच बसेना. बसला तेव्हा त्यांनी ती पद्धत गुप्त ठेवली. राज्यक्रांतीनंतर मोंज यांना ती जाहीर शिकवता आली. वरून, समोरून आणि बाजूने अशी वस्तूची वेगवेगळी दृश्यं काढून तिचा आकार पक्का करण्याच्या शास्त्राचा पाया तो.

मग दुसऱ्या महायुद्धातच एवढी चित्रं का लागली?

कारण शिकायला वेळ नव्हता आणि शिकणारे नवखे होते. शेतातून, दुकानातून, शाळेतून आलेल्या माणसाला काही आठवड्यांत रणगाड्यावर किंवा बॉम्बफेकी विमानात बसवायचं होतं. कारखान्यातही तेच. ब्लूप्रिंट वाचणं ही शिकून येणारी गोष्ट आहे. तीन सपाट दृश्यांवरून डोक्यात घन आकार उभा करायला सराव लागतो. अमेरिकन विमान कारखान्यांत हजारो नवे कामगार, त्यांत पुष्कळ बायका, अशा सरावाशिवाय थेट जोडणीच्या कामावर येत होत्या. त्यांच्यासाठी ब्लूप्रिंटवरून त्रिमितीचा भास देणारी चित्रं काढायचा वेगळा विभागच उभा राहिला. ही ब्रॅकेट इथे बसते, हा बोल्ट असा जातो, हे बघताक्षणी कळावं म्हणून.

मुरलेल्या ड्राफ्ट्समनलाही अडचणी होत्याच. युरोपात आराखडे 'फर्स्ट अँगल' पद्धतीने काढत, अमेरिकेत 'थर्ड अँगल'ने. पहिल्यात उजव्या बाजूचं दृश्य कागदावर डावीकडे येतं, दुसऱ्यात उजवीकडेच. स्वीडनची बोफोर्स ४० मिलिमीटर विमानवेधी तोफ अमेरिकेत बनवायला घेतली, तेव्हा क्रायस्लर या मोटार कंपनीच्या लोकांना मेट्रिक मापं इंचांत आणि दृश्यं आपल्या पद्धतीत आणत आराखडे नव्याने काढावे लागले. अशा कामात एक दृश्य उलटं वाचलं गेलं तर भाग आरशातल्यासारखा उलटा तयार होतो. जोडणी त्रिमितीत दाखवणाऱ्या चित्रात हा घोळ संभवतच नाही.

कटअवे, एक्सप्लोडेड व्ह्यू, आयसोमेट्रिक, हे सगळं एकच का?

नाही. आयसोमेट्रिक ही काढण्याची रीत आहे, बाकीचे दोन दाखवण्याचे प्रकार आहेत.

आयसोमेट्रिकमध्ये लांबी, रुंदी, उंची या तिन्ही अक्षांमध्ये १२० अंशांचा कोन असतो आणि तिन्हींवर एकच मापपट्टी चालते. दूरची वस्तू लहान होत नाही. केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश यांनी १८२२ मध्ये ही रीत नियमांत बसवली. तीही वर्गात यंत्रांची मॉडेलं पुन्हा पुन्हा जोडावी लागत, ती सहायकांना कागदावरून जोडता यावीत या गरजेपोटी. डोळ्याला हे चित्र किंचित खोटं वाटतं, लांब वस्तू मागे रुंदावल्याचा भास होतो. पण पट्टी लावून माप घेता येतं आणि कामाच्या माणसाला तेच हवं असतं.

कटअवे म्हणजे कवचाचा तुकडा कापून आतलं दाखवणं. यात कौशल्य कापायच्या जागेत आहे. विमानाचा अर्धा पत्रा काढून टाकला तर आतला सांगाडा दिसतो, पण विमान ओळखू येईनासं होतं. म्हणून चांगला चित्रकार पंखाची कड, खिडकीची चौकट, शेपटीचं टोक शाबूत ठेवतो. ब्रिटिश 'फ्लाइट' साप्ताहिकातले मॅक्स मिलर आणि 'द एरोप्लेन'मधले जे. एच. क्लार्क हे या प्रकारातले बिनीचे लोक. त्यांच्या चित्रात प्रत्येक कापलेली कड फाटल्यासारखी काढलेली असते, म्हणजे 'इथे मी कापलंय, इथे खरा सांधा नाही' हे लगेच कळतं.

एक्सप्लोडेड व्ह्यूमध्ये सगळे भाग आपापल्या अक्षावरून ओढून वेगळे ठेवलेले असतात. ब्रेन मशीनगन घ्या. तिचे मुख्य गट पाच: नळी, बॉडी, पिस्टन, दस्ता आणि पुढचे दोन पाय. पाचही गट नुसते शेजारी शेजारी मांडले तर ते दुकानातल्या मालाचं चित्र होतं. पिस्टनचा गट मात्र बॉडीच्या बरोबर मागे, ज्या रेषेत तो सरकत बाहेर येतो त्याच रेषेत ठेवला, की हाताला दिशा मिळते. पिस्टन बाहेर येण्याआधी दस्ता मागे सरकवावा लागतो, म्हणून चित्रातही दस्ता आधीच मागे सरकलेला हवा. थोडक्यात, भागांमधली मोकळी जागा म्हणजे खोलण्याचा क्रम. ही जागा चुकवलेली चित्रं त्या काळातही भरपूर आहेत. दिसायला देखणी, उपयोगाला शून्य.

सरळ फोटो का वापरले नाहीत?

वापरले की, भरपूर. पण कॅमेरा निवड करत नाही. त्याला तेलाचा डाग, सावली, मागचा बाक आणि हवा असलेला स्क्रू सगळं सारखंच महत्त्वाचं. चित्रकार नको ते गाळतो, हवं ते थोडं ठळक करतो आणि पत्र्याच्या आत शिरतो. कधी कधी प्रत्यक्षात एकदम दिसूच शकत नाहीत अशा दोन बाजू एका चित्रात दाखवतो. त्या काळच्या छपाईत फोटोचे बारकावे चिखल होऊन जात हेही आहेच. स्वस्त कागदावर रेघ टिकते.

वर्गात अनेकदा खरंखुरं इंजिन करवतीने कापून, कापलेल्या कडा रंगवून ठेवलेलं असायचं. त्याच्यापुढे कुठलंही चित्र फिकं. पण इंजिन टपालाने हजार ठिकाणी पाठवता येत नाही.

ही चित्रं कशाने काढत?

शाई, एकसारख्या जाडीची रेघ ओढणारं रुलिंग पेन, वक्र पट्ट्या, लंबवर्तुळाचे साचे आणि हवेच्या झोताने रंग फवारणारा एअरब्रश. एअरब्रश १९व्या शतकाच्या अखेरीची अमेरिकन करामत. आधी ते फोटो सुधारायचं हत्यार होतं. गेम्स यांचे वडील छायाचित्रकार, मुलगा हे हत्यार तिथेच शिकला. नळकांड्याची गोलाई, पॉलिश केलेल्या धातूची झळाळी यांसाठी त्याला तोड नव्हती. ज्या भागावर रंग नको तो पातळ पारदर्शक मुखवट्याने झाकायचा, फवारायचं, वाळलं की पुढचा भाग झाकायचा. एकेका गिअरसाठी असे कित्येक थर.

मूळ चित्र छापील आकारापेक्षा मोठं काढून मग फोटोने लहान करत, कारण लहान होताना हात थरथरल्याच्या खुणाही आकसतात. त्यातही एक गोम होती: रेघ आधीच बारीक असेल तर लहान झाल्यावर ती तुटते. म्हणून जुन्या मूळ चित्रांतल्या रेघा जवळून बघितल्या तर भलत्याच जाड वाटतात.

विमानांच्या काळ्या आकृत्यांची पोस्टरं कशासाठी? त्यांत रंग आणि खुणा का नाहीत?

कारण आकाशाच्या उजेडावर विमान काळंच दिसतं. पंखावरची खूण दिसण्याइतकं ते जवळ येईपर्यंत निर्णयाची वेळ टळून गेलेली असते.

गरज किती खरी होती हे ब्रिटनला युद्ध जाहीर झाल्यापासून तीन दिवसांत कळलं. ६ सप्टेंबर १९३९ ला स्पिटफायर विमानांनी आपल्याच दोन हरिकेन विमानांना शत्रूची समजून पाडलं आणि एक वैमानिक गेला. चूक फक्त डोळ्यांची नव्हती, जमिनीवरून मिळालेली माहितीही गोंधळाची होती. पण ओळख पटवण्याच्या शिकवणीला त्यानंतर जोर आला.

खालून, बाजूने आणि समोरून अशा तीन काळ्या आकृत्या हा ठरलेला साचा. शिकवायची पद्धत मात्र वादाची होती. रूढ पद्धतीत आधी पंख, मग इंजिनं, मग धड, मग शेपटी असं एकेक तपासायचं. ओहायो स्टेट विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ सॅम्युअल रेनशॉ यांचं म्हणणं, एवढा वेळ कुणाला आहे? त्यांनी अमेरिकन नौदलासाठी पडद्यावर आकृती सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरती चमकवून आख्खा आकार एका झटक्यात ओळखायची सवय लावली. ओळखीचा चेहरा आपण नाक-डोळे मोजून ओळखत नाही, तसंच.

१९४२ मध्ये अमेरिकन नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी मॉडेलं मागवली, प्रमाण १:७२. हा आकडा सोयीचा आहे: ३५ फुटांवरून पाहिलेलं मॉडेल म्हणजे २५२० फुटांवरचं खरं विमान, जवळपास अर्धा मैल. आकृत्यांचे पत्त्यांचे जोडही निघाले, म्हणजे मोकळ्या वेळात रमी खेळतानाही अभ्यास सुटत नसे.

आणि एवढं करूनही जून १९४४ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीवरच्या चढाईच्या आधी दोस्त राष्ट्रांनी आपल्या विमानांवर काळे-पांढरे जाड पट्टे रंगवलेच. हजारो विमानांच्या गर्दीत निव्वळ आकारावर विसंबायची त्यांची तयारी नव्हती.

विषय मरणाचा, मग इतका पोरकटपणा आणि विनोद कशाला?

हा प्रश्न तेव्हाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनाही पडायचा. उत्तर असं की नियमांचं कोरडं पत्रक कुणी वाचत नव्हतं.

ब्रिटिश हवाई दलाने एप्रिल १९४१ पासून 'टी एम' नावाचं प्रशिक्षणाचं मासिक काढलं. त्यात बिल हूपर यांनी रेखाटलेला पायलट ऑफिसर पर्सी प्रून हा महामूर्ख वैमानिक असायचा. चाकं न सोडता उतरणं, इंधन न बघता उडणं, नकाशा विसरणं, सगळं तो करायचा. प्रत्यक्षात अशी चूक करणाऱ्या वैमानिकांना मासिकातर्फे थट्टेचं मानचिन्ह जाहीर होई. दंडापेक्षा ते जास्त लागत असणार. अमेरिकन नौदलात रॉबर्ट ऑस्बर्न यांचा डिल्बर्ट हेच काम करायचा. अमेरिकन भूदलात विल आयस्नर यांचा जो डोप होता, गाडीत तेल न घालणारा, नट न आवळणारा. मूर्ख पात्राची सोय अशी की वाचणारा त्याला हसतो आणि स्वतःला शहाणा समजून योग्य ते करतो. 'तुम्ही चुकता' असं त्याला कुणी म्हटलेलंच नसतं.

सगळ्यात अचाट नमुना जर्मन आहे: टायगर रणगाड्याच्या चमूंसाठी १९४३ मध्ये काढलेली अधिकृत पुस्तिका, 'टायगरफीबेल'. नियम यमकांत, पानोपानी व्यंगचित्रं. पण विनोदाखाली भूमिती पक्की. रणगाड्याचं पोलाद काटकोनात आदळणारा गोळा दुरूनही भेदतो, तिरपा आदळणारा जवळूनही घसरतो. म्हणून कोणत्या दिशेने किती अंतरावरून धोका, हे रणगाड्याभोवती आखलं तर चार पाकळ्यांचं पान तयार होतं: पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना फुगवटे, चार कोपऱ्यांत खाचा. शत्रूला खाचेत ठेवा, म्हणजे रणगाडा थोडा तिरका उभा करा. ते कोन लक्षात राहावेत म्हणून घड्याळाच्या तबकडीवर जेवणखाणाच्या वेळा दाखवल्या, साडेदहाची न्याहारी आणि दीडचं जेवण धरून. ज्या राजवटीसाठी ही बुद्धी खर्ची पडली तिच्याबद्दल शंका नको. पण आकडे डोक्यात कसे रुतवायचे, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

या चित्रांतल्या बायका आज खटकतात. तेव्हा कुणाला खटकल्या नाहीत का?

खटकल्या, पण कारणं वेगळी होती. गेम्स यांचं १९४१ चं महिला सहायक दलाच्या भरतीचं पोस्टर फार मोहक आहे अशी ओरड झाली आणि ते मागे घ्यावं लागलं. सैनिकांसाठीच्या पुस्तिकांत मात्र अर्धनग्न तरुणी राजरोस होत्या. टायगरफीबेलमध्येही आहेत.

याचं उशिराचं आणि गाजलेलं उदाहरण व्हिएतनाम युद्धातलं. एम-१६ रायफल सुरुवातीला सफाईचं साहित्य न देताच सैनिकांच्या हाती गेली, तिला फारशी सफाई लागत नाही अशी समजूत पसरली आणि ऐन लढाईत ती अडकू लागली. १९६८ मध्ये आयस्नर यांच्या चित्रांची ३२ पानी रंगीत पुस्तिका वाटली गेली. रायफल म्हणजे प्रेयसी, तिची काळजी घ्या, असा सगळा सूर. आज ती वाचताना अवघडायला होतं. पण प्रेयसीची पानं बाजूला ठेवून नळीत ब्रश कोणत्या दिशेने घालायचा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, काजळी नेमकी कुठे साठते हे दाखवणारी पानं बघा. ती आजही बिनतोड आहेत.

या पुस्तिकेमुळेच रायफली अडकायच्या थांबल्या, असं मात्र म्हणता येत नाही. त्याच सुमारास साहित्य मिळू लागलं होतं आणि चेंबरला क्रोमचा मुलामा देणंही सुरू झालं होतं.

वास किंवा आवाज चित्रातून कसा शिकवणार?

ओळखीच्या वस्तूला बांधून. विषारी वायूंच्या अमेरिकन पोस्टरांत फॉस्जीनसाठी कुबट गवत, मस्टर्ड वायूसाठी लसूण, लुईसाइटसाठी जिरेनियमची फुलं अशा जोड्या होत्या. वास आला की मुखवटा चढवा, विचार नंतर. (हुंगून वायू ओळखायचा सल्ला आज कुणी देणार नाही. तेव्हाही तो नाइलाजच होता.)

वाचता न येणाऱ्या किंवा वेगळ्या भाषेच्या सैनिकांचं काय?

चित्रांची खरी परीक्षा तिथेच. महायुद्धाच्या अखेरीस भारतीय सैन्यात सुमारे २५ लाख माणसं होती, बोलीभाषा अनेक, आणि सैन्याची सामायिक भाषा रोमन लिपीत लिहिलेली उर्दू. पुष्कळांनी भरतीपूर्वी मोटार चालवलेली नव्हती. अशा वर्गात भिंतीवरचा तक्ता, कापलेला भाग आणि समोर करून दाखवणारा हवालदार एवढ्यावरच शिकवणं चालायचं.

चित्र सगळ्यांना आपोआप कळतं हा गैरसमज आहे. बाण म्हणजे दिशा, तुटक रेघ म्हणजे मागे लपलेली कड, फुली म्हणजे 'करू नका', हे सगळे संकेत आधी शिकावे लागतात.

शत्रूच्या हाती ही चित्रं पडली तर?

पडायचीच. म्हणून संवेदनशील यंत्रांच्या पुस्तिका मोजून दिल्या जात, पण रायफलीच्या तक्त्याची फिकीर कुणी करत नसे. उलट दिशेचा व्यवहारही चालायचा. जानेवारी १९४३ मध्ये लेनिनग्राडजवळ सोव्हिएत फौजांना टायगर रणगाडा हाती लागला. त्याची तपासणी आणि गोळ्यांच्या चाचण्या झाल्या आणि कुठे मारायचं हे दाखवणारी चित्रं आघाडीवर गेली. जर्मन चमू आपल्या रणगाड्याचा दुबळेपणा पुस्तिकेत शिकत होते, समोरचे तोफची तोच दुबळेपणा आपल्या पत्रकात.

बहुतेक चित्रांवर सही का नसते?

ती खात्याची कामं होती. एक जण रेखाटायचा, दुसरा शाई भरायचा, तिसरा अक्षरं लिहायचा. चित्र सुधारायची वेळ आली की चौथाच.

माझ्याकडचं पोस्टर मूळ आहे की नंतरचं पुनर्मुद्रण, कसं ओळखू?

आधी तळाची बारीक ओळ वाचा. ब्रिटिश पोस्टरवर सरकारी स्टेशनरी कार्यालयाचं आणि छापखान्याचं नाव, अमेरिकनवर सरकारी मुद्रणालयाचं नाव आणि साल सहसा सापडतं. मग माप घ्या. ब्रिटनमध्ये २० बाय ३० इंच हा नेहमीचा आकार होता, मिलिमीटरच्या पूर्णांकात बसणारं माप संशयास्पद. घड्यांना घाबरू नका, पोस्टरं घडी घालूनच पाठवली जात. शेवटी भिंग घ्या: मूळ छपाईत सपाट रंग होता तिथे चार रंगांचे ठिपके दिसले, तर ती फोटोवरून केलेली प्रत.

कुठे पाहायला मिळतील, आणि वापरता येतात का?

लंडनचं इम्पीरियल वॉर म्युझियम आणि क्यू इथलं ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार ही मोठी ठिकाणं. क्यूमध्ये युद्धकालीन माहिती मंत्रालयासाठी रंगवलेली जवळपास २००० मूळ चित्रं आहेत. अमेरिकेतलं राष्ट्रीय अभिलेखागारही समृद्ध आहे. तिन्हींचा बराच संग्रह ऑनलाइन दिसतो.

अमेरिकेच्या संघीय सरकारच्या कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून केलेल्या चित्रावर तिथे कॉपीराइट नसतो. ब्रिटिश सरकारी प्रकाशनांवरचा क्राउन कॉपीराइट प्रकाशनापासून ५० वर्षांनी संपतो, म्हणजे युद्धकाळात छापलेल्या पोस्टरांचा संपलेला आहे. खासगी कंपन्यांच्या पुस्तिका आणि साप्ताहिकांतली कटअवे चित्रं यांना हे लागू नाही, तिथे हक्क कुणाकडे गेले ते शोधावं लागतं. संग्रहालयाच्या स्कॅनवर त्यांच्या स्वतःच्या अटी असू शकतात, तेव्हा छापण्याआधी त्या वाचून घ्या.